पद्मिनीच्या लाकडी स्टिअरिंगला पीयू पॉलिश: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

पॉलिशवाल्याशी काल परत वाजलं, म्हणून आता सविस्तर लिहितोच.

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला बाहेरून बसवलेलं लाकडी स्टिअरिंग आहे, महोगनीची रिम आणि ॲल्युमिनियमचे तीन स्पोक. आधी लाखेचं पॉलिश होतं, ते मे महिन्यात हाताला चिकटायचं आणि सॅनिटायझर लावून धरलं की उतरायचंच, लाख स्पिरिटमध्येच विरघळते ना. म्हणून सगळं खरवडून हार्डनर मिसळायचं टू-के पीयू, म्हणजे दोन भागांचं पॉलियुरेथेन पॉलिश, मारून घेतलं.

चकाकी जबरदस्त, पण रिमच्या मागच्या बोटांच्या खाचा! कोटावर कोट चढवून पार बुजवून टाकल्या त्याने. "दिसतं किती छान बघा" म्हणे. अरे पण पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही, डावा हात हँडगिअरवर (स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर) गेला की वळणावर सगळा भार एकट्या उजव्या हातावर, आणि तिथे बोटं अडकायच्या ऐवजी घसरतात. पार्किंगमध्ये तर घाम फुटतो. खाचा दिसण्यासाठी नसतात हो, पकडीसाठी असतात!

पावसाळ्याआधी लिहिलं असतं तर सरळ 'घेऊ नका' म्हटलं असतं. पण आता मत बदललंय. दर पावसाळ्यात लाकूड फुगायचं, धातू काही फुगत नाही, त्यामुळे स्पोकच्या तोंडाशी केसाएवढी फट पडायची. यंदा नाही पडली. त्या फटीत आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) जिरवली होती आणि वरून पीयूने सगळीकडून ओल अडवली. इपॉक्सी नुसती ठेवू नका, उन्हाने पिवळी पडते, वर ऊन अडवणारं यूव्हीवालं पीयू हवंच. रिव्हेटजवळचे काळे डागही ऑक्झॅलिक ॲसिडने गेले, ते कबूल करतो.

खाचा शेवटी घरीच मोकळ्या केल्या. पेन्सिलीला ३२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून एकेक खाच हळूहळू घासली, कड हाताला लागेपर्यंत, मग मॅट पीयूचा एकच पातळ हात. मास्क मात्र चांगला फिल्टरवाला लावा, हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीला वाईट. आता खंबाटकी घाटात उजव्या हाताची बोटं बरोब्बर बसतात.

कुणाला काम दिलंत तर शेवटच्या कोटाआधी स्वतः जाऊन मागून बोटं फिरवून बघा, फोटोवर जाऊ नका, फोटो सगळे पुढूनच काढतात. पॉलिशवाला राहिलेले पैसे मागतोय, खाचांच्या कामाचे कापूनच देणार आहे.