रिंजानीच्या नावाखाली धबधब्याची सहल

कार्निव्हलच्या सुट्टीला जोडून कुणी रिंजानीचा ट्रेक विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या या 3,726 मीटर उंच ज्वालामुखीच्या वाटा साधारण जानेवारी ते मार्चअखेर बंद असतात. आपल्याकडे तेव्हा कडक ऊन, म्हणून शंकाच येत नाही. पण लोंबोक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे तेव्हा ऐन पावसाळा. भर जुलैत कुळ्याहून दूधसागरची जीप कुणी विकायला आला तर गोव्यातला माणूस त्याला दारातूनच परत पाठवील. इथे मात्र एजंट शांतपणे पैसे घेतो.

फोंड्याच्या एका गटाचं नेमकं हेच झालं. माणशी 38 हजार, सगळे आगाऊ आणि खासगी यूपीआयवर. व्हॉट्सअॅपवर आलेल्या परमिटवर शिक्का होता, तारीख होती, पण कुणाचं नाव नव्हतं की पासपोर्ट क्रमांक नव्हता. उद्यानाचं खरं तिकीट ऑनलाइन, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या तपशिलावर निघतं. एजंटाने पासपोर्ट मागितलाच नाही म्हणजे तिकीट काढलेलंच नाही, हे पक्कं समजा. सेनारू गावात पोचल्यावर वाटाड्या म्हणाला, वर पाऊस आहे, खालूनच जाऊ. सेंडांग गिले आणि तिऊ केलेप हे धबधबे दाखवले, फोटो काढले, संपलं. धबधबे खरोखर देखणे आहेत, पण गावातून चालत सहज होतात आणि त्यांना ट्रेकचं परमिट लागत नाही. वर्षभर पैसे साठवून गेलेल्या पोरांना असं परत पाठवणं ही सरळसरळ चोरी आहे.

मोसमात दुसरी युक्ती चालते. सेनारूकडून 'दोन दिवस, एक रात्र' म्हणजे फक्त विवराच्या काठापर्यंत, सुमारे 2,640 मीटर. तिथून खाली सेगारा अनाक सरोवर दिसतं. 1257 च्या प्रचंड उद्रेकात झालेल्या खळग्यातलं ते पाणी. शिखराची नेहमीची वाट सेंबालुन या दुसऱ्या गावाच्या बाजूने. काठावरच्या तळावरून पहाटे दोनच्या सुमाराला निघायचं आणि भुसभुशीत राखेत हजारभर मीटर चढायचं. शेवटच्या टप्प्यात पाऊल घसरून निम्मं मागे येतं. म्हणून जाहिरातीत 'रिंजानी' एवढंच लिहिलं असेल तर काठ की शिखर, हे लेखी घ्या. पोर्टर किती, तंबू कितीजणांत एक, स्लीपिंग बॅग कसल्या, हेही विचारा. स्वस्त पॅकेजमध्ये पहिली कात्री यांनाच लागते, आणि वर पहाटेची थंडी गोव्याच्या अंगाला झेपणारी नसते.

एजंटाकडे गोव्याच्या पर्यटन खात्याची नोंदणी आहे का तेही बघा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यासाठी व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, ती जाहिरात आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा.