हाताने बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर, चौदा महिने वापरून विकतोय. आधी त्या प्रीसेटबद्दल वाचा

उजव्या हीटसिंकवर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. गाणी बंद करून अर्धा तास झाला होता, अ‍ॅम्प नुसता चालू होता. डावा हीटसिंक कोमट, उजव्याचा मात्र चटका बसला. रागाच्या भरात त्याच रात्री ठरवलं की हा विकून टाकायचा. आता खरंच विकतोय, पण कारण वेगळं आहे. घेणाऱ्याला सगळं आधीच माहीत असावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रचना नेहमीचीच आहे: क्लास एबी, २५-०-२५ चा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, रेल (अधिक आणि उणे डीसी पुरवठा) ३५ व्होल्टच्या आसपास, दर चॅनलला २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची एक जोडी, ८ ओहमला साधारण ५० वॅट. बांधला मी नाही. एका ज्येष्ठ हौशी गृहस्थांनी सर्किट बोर्ड घरीच रसायनाने कोरून (एचिंग करून), पेटीला भोकं स्वतः पाडून तो उभा केला आणि माझ्याकडे दिला. सोबत पेन्सिलने काढलेलं सर्किटही दिलं. मी म्हटलं, "काका, मूळ कागद तुमच्याकडे राहू द्या, मी फोटो काढून घेतो." ते म्हणाले, "अ‍ॅम्प तुझ्याकडे, मग कागद माझ्याकडे ठेवून काय करू?"

पहिले नऊ महिने तक्रारीला जागाच नव्हती. ट्वीटरला कान लावला तरी हम नाही, सळसळ नाही. पेटी उघडून पाहिल्यावर कारण कळलं. दोन फिल्टर कपॅसिटरच्या मध्ये त्यांनी जाड तांब्याची पट्टी टाकली आहे. रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचे) करंटचे झटके त्या पट्टीवरच्या पट्टीवरच फिरतात. ग्राउंडचा मुख्य बिंदू तिथून बोटभर लांब एका बोल्टवर काढलाय, आणि इनपुट, फीडबॅक, स्पीकर सगळे परत येतात ते त्या बोल्टवर. विकतच्या कितीतरी पेट्यांत हे एवढं नीट केलेलं नसतं.

मग तो चटका. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मालिकेत असलेल्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला, त्यावरून आतला करंट कळतो. डाव्या चॅनलला २० मिलिव्होल्ट, उजव्याला १५०. म्हणजे गाणं नसताना जवळजवळ ०.६८ अँपिअर, आणि दोन रेलमधल्या ७० व्होल्टने गुणलं तर ४८ वॅटच्या आसपास नुसती उष्णता. डाव्या बाजूला हाच आकडा साडेसहाच्याही आत. स्पीकर प्रोटेक्शनचा रिले शांत होता, कारण तो फक्त आउटपुटवर डीसी आला का तेवढंच पाहतो. ऑफसेट, म्हणजे आउटपुटवरचा डीसी, तर १८ मिलिव्होल्टच होता. फ्यूजही गेला नाही. हात लावला नसता तर मला काही कळलंच नसतं.

पहिला संशय ट्रान्झिस्टरवर घेतला. या जोडीचे बनावट नग बाजारात भरपूर फिरतात, त्यामुळे काकांना कोणीतरी फसवलं असणार असं मी मनात पक्कं केलं. तो माझा अन्याय होता, दोन्ही नग व्यवस्थित निघाले. मग वाटलं थर्मल पेस्ट सुकली असेल. अभ्रकाच्या चकत्या पुसल्या, नवी पेस्ट लावली, बायसचा (गाणं नसतानाही वाहणारा करंट ठरवणारा) ट्रान्झिस्टर हीटसिंकवर पुन्हा घट्ट आवळला. तरी १४०. शेवटी प्लास्टिकच्या टोकाने बायसच्या प्रीसेटला, म्हणजे स्क्रूने जुळवायच्या छोट्या रेझिस्टरला, नुसतं टेकवलं, आणि मीटर १५० वरून ६० आणि तिथून १७० वर गेला.

उघडा कार्बनचा प्रीसेट. अख्ख्या अ‍ॅम्पमधला सगळ्यात स्वस्त भाग! वायपर, म्हणजे आतला सरकता स्पर्श, जिथे टेकतो तिथे धूळ आणि झीज होऊन रोध वाढला होता. पण प्रीसेट खराब होणारच, त्याचं मला एवढं वाटत नाही. तो सर्किटमध्ये कुठे बसवलाय हे पाहून मात्र माझी झोप उडाली. व्हीबीई मल्टिप्लायरमध्ये (बायसच्या ट्रान्झिस्टरभोवतीच्या सर्किटमध्ये) रेझिस्टरच्या दोन भुजा असतात, कलेक्टर ते बेस आणि बेस ते एमिटर. प्रीसेट पहिल्या भुजेत असेल आणि वायपर सुटला, तर त्या ट्रान्झिस्टरला बेस करंटच मिळत नाही, तो बंद पडतो आणि बायस थेट वर जातो. आउटपुटची जोडी जळते. तोच प्रीसेट दुसऱ्या भुजेत असेल तर वायपर सुटल्यावर बायस खाली येतो. आवाजात थोडी क्रॉसओव्हरची (जोडीतल्या एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना होणारी) खरखर येईल, बाकी सगळं वाचेल. भाग तेच, फक्त जागा वेगळी. या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही चॅनलला तो पहिल्या भुजेत होता.

आता नाही. दोन्हीकडे बंद, अनेक फेऱ्यांचे सरमेट प्रीसेट घातले, बेस-एमिटर भुजेत, आणि मालिकेत एक पक्का रेझिस्टर, म्हणजे स्क्रू चुकून टोकापर्यंत फिरला तरी भुजा शून्यावर जाणार नाही. पहिल्यांदा चालू केला तो सिरीज लॅम्पवर, म्हणजे मेन्सच्या मालिकेत बल्ब जोडून; अ‍ॅम्पने जास्त करंट ओढला तर बल्ब उजळत राहतो. दिवा क्षणभर उजळला आणि मंद झाला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. काकांना फोन करून जागेची चूक सांगितली. वाईट वाटेल अशी धाकधूक होती. ते म्हणाले, "सुधारलेला कागद मला पाठव. माझ्याकडच्या दुसऱ्यातही तसंच आहे, आजच उघडतो." माझा राग तिथेच संपला.

त्याला पाच महिने झाले. एमिटर रेझिस्टरवर गार असताना १६ मिलिव्होल्ट, वीस मिनिटांनी डावीकडे २० आणि उजवीकडे २१, तिथेच स्थिर. बायस वाढवला की आवाज गोड होतो असं सांगणाऱ्यांना विनंती, तो स्क्रू फिरवू नका. ह्यूलेट-पॅकार्डच्या बर्नार्ड ऑलिव्हर यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की या रचनेत एमिटरच्या रोधावर साधारण २६ मिलिव्होल्ट पडले की क्रॉसओव्हर सर्वांत सपाट होतो. ट्रान्झिस्टरचा आतला रोधही त्यात धरायचा, म्हणून बाहेरच्या रेझिस्टरवर थोडं कमीच हवं. त्यापुढे नेलं तर विकृती पुन्हा वाढते आणि हीटसिंक उगाच तापतात.

विकण्याचं कारण माझे नवे स्पीकर. ते ४ ओहमचे आहेत आणि काही ठिकाणी ३ च्या खाली उतरतात. ३५ व्होल्टच्या रेलवर आउटपुटच्या एकाच जोडीला असा भार देणं मला पटत नाही. तुमचे स्पीकर ८ ओहमचे नसतील तर कृपया हा घेऊ नका, मी देणारही नाही.

उणिवा सांगतो. स्पीकरची टर्मिनलं फार जवळजवळ आहेत, जाड वायर बसवताना त्रास होतो. फिल्टर कपॅसिटर मूळचेच आहेत. १०,००० मायक्रोफॅरॅडपैकी एक ९,७०० भरतो आणि उजव्या हीटसिंकजवळचा ९,२००. अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की दर वेळी साधारण निम्मं होतं. उजवी बाजू किती दिवस तापत होती ते मला सांगता येत नाही, म्हणून तो कपॅसिटर आधी बदलायचा असं धरूनच चला.

किंमत फक्त ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि पेटीची धरली आहे. दुरुस्तीचे भाग माझ्याकडून. "कधीच उघडलेला नाही" असं विक्रेते कौतुकाने लिहितात, पण हाताने बांधलेल्या वस्तूबाबत मला त्याची भीतीच वाटते. हा तीन वेळा उघडलाय, आतले फोटो सोल्डरच्या बाजूसकट देतो. पेन्सिलचा मूळ कागद, सुधारलेलं सर्किट आणि काढलेले दोन्ही जुने प्रीसेट सोबत मिळतील.

नेल्यावर आधी तुमच्या सिरीज लॅम्पवर लावा. वीस मिनिटांनी चारही एमिटर रेझिस्टरवरचे आकडे घ्या आणि मला कळवा. २५ मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर बंद करून लगेच फोन करा, मी येऊन बघतो.