कापूस, काथ्या की मेमरी फोम: खान्देशच्या उन्हाळ्यात टिकेल अशी गादी

नवी गादी घ्यायची म्हटली की जाडी, वॉरंटी आणि किंमत सगळेच बघतात. तुम्हीही बघितली असेल, म्हणून त्यात शिरत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे राहणाऱ्याने आधी एकच विचार करावा असं मला वाटतं: मे महिन्यात रात्री लाईट गेलेली असताना या गादीवर झोप लागेल का? आमच्या घरी तिन्ही प्रकार वापरात राहिलेत, त्यामुळे जे सांगतो ते वापरून कळलेलं आहे. तुमचं अंग, वजन, झोपायची सवय वेगळी असेल, तेवढं धरून वाचा.

मेमरी फोमचं आधी चांगलं सांगतो. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर तो फार छान सांभाळतो. रात्री एक जण उठला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. भावाकडे पुण्याला याच गादीवर झोपतो आणि तिथे मला काही तक्रार नसते. हा फोम मुळात १९६६ साली नासाच्या कामातून विमानाच्या सीटसाठी तयार झाला. त्याचं सगळं गणित उबेवर आहे. अंगाची ऊब लागते तेवढाच भाग मऊ होतो, बाकीचा घट्ट राहतो, आणि त्यातून शरीराला आधार मिळतो. खोली थंड असली की हे गणित जुळतं.

आपल्याकडे ते बिघडतं. दिवसा ४४-४५ अंश झालेले असतात, वरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत असतो, आणि आपण पाठ टेकायच्या आधीच गादी तापून मऊ पडलेली असते. मग फक्त खांदा-कंबर नाही, सगळं अंगच आत जातं. अंगाभोवती फोम दाटून बसल्यावर खालून वारा फिरायला जागा उरत नाही. घाम फोममध्ये शिरत नाही, चादरीत राहतो, आणि चादर पाठीला चिकटते.

तरीही उकाडा मी सहन केला असता. मला नको झालं ते कूस बदलणं. कापसाच्या गादीवर माणूस झोपेतच वळतो, त्याला कळतही नाही. तापलेल्या फोममध्ये अंगाएवढा खड्डा झालेला असतो. वळायचं तर कोपरावर जोर देऊन त्यातून वर यावं लागतं, आणि तेवढ्यात झोप मोडते. उन्हाळ्यात मी जवळजवळ प्रत्येक कुशीला जागा होत होतो. सकाळी पाठ दुखत नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. पण डोळ्यांवरची झापड दुपारपर्यंत उतरत नव्हती. हिवाळ्यात उलट व्हायचं. धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हीच गादी पाठ टेकताना फळीसारखी कडक लागायची आणि ऊब धरून मऊ व्हायला वेळ घ्यायची. वर्षातून दोनदा स्वभाव बदलणारी गादी अंगवळणी पडत नाही. जेल मिसळलेला फोमही झोपून पाहिला. सुरुवातीला गार वाटतो, पुढे तोही अंगाबरोबर तापतो, निदान मला तसं जाणवलं.

आता बऱ्याच कंपन्या शंभर रात्री वापरून परत करायची सोय देतात. ती चांगलीच आहे, पण आपल्याकडे खरेदी होते दिवाळीच्या ऑफरमध्ये. तिथून शंभर रात्री मोजल्या तर मुदत जानेवारी-फेब्रुवारीत संपते, म्हणजे खरी परीक्षा सुरू व्हायच्या आत. फोमच घ्यायचा असेल तर मार्च संपताना घ्या आणि एप्रिल-मे त्यावर काढून बघा.

कापसाच्या बाबतीत मी पूर्ण तटस्थ नाही. घरात पिकणाऱ्या वस्तूवर जीव असतोच. पण कारणंही आहेत. कापूस घाम ओढून घेतो आणि दिवसा उन्हात टाकला की सोडून देतो. तो तापून मऊ पडत नाही, थंडीत कडक होत नाही. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-नातवंडं माहेरी आली की कापसाच्या गाद्या खाली पसरता येतात, गच्चीवर नेता येतात, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात चळत लावता येते. गावाकडे धाब्याच्या घरांत उन्हाळाभर माणसं वरच झोपतात. तिथे आठ इंची फोम कोण चढवणार?

कापसाचा दोष एकच, पण मोठा आहे. तो दबतो. तंतूंना स्वतःची उसळी नसते, वजनाखाली ते एकमेकांत अडकून बसतात. रोज कंबर टेकते तिथे वर्षभरात खोलगट होतं आणि कडेला गोळे होतात. मग टाके उसवून कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरायचा. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, आता गादी उचलून मशीनवर न्यावी लागते. एकेरी गादीत दहा-बारा किलो रुई असते, दुहेरीचं वजन त्याच्या दुप्पट. ती उन्हात टाकायला घरात दोन धडधाकट माणसं हवीत. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि मागे फक्त म्हातारे आई-वडील, त्यांना मी फक्त कापसाची गादी घ्या असं सांगणार नाही. रात्रभर कूलर लावणाऱ्यांनीही जपावं. त्याचा दमट वारा कापसात मुरतो, आणि ऊन दाखवलं नाही तर गादीला वास धरतो.

घेणार असाल तर रुई आधी हातात घ्या. चिमूटभर ओढून बघा: लांब तंतू हळूहळू सुटतात, गिरणीतला टाकाऊ कापूस लगेच तुटतो आणि बोटांना धूळ लागते. खोळ शिवायच्या आधीच हे बघायचं असतं.

राहिला काथ्या. नारळाच्या सोडणाच्या कुरळ्या तंतूंवर रबराचा चीक मारून ही गादी बनवतात. आत मोकळी जागा भरपूर, त्यामुळे वारा खेळतो. आधार घट्ट, आणि उन्हाळा-हिवाळ्यात फारसा फरक पडत नाही. नुसत्या काथ्यावर मात्र मला सुख लागलं नाही. कुशीवर झोपलं की खांद्याला रग लागते, आणि काही वर्षांनी तंतू तुटून खाली भुसा पडू लागतो.

शेवटी आमच्या घरी टिकली ती जोडगोळी: खाली चार इंची काथ्या, त्यावर कापसाची दोन-अडीच इंची पातळ गादी. आधार काथ्या देतो, घाम कापूस घेतो. पातळ असल्याने ती एकट्याला उचलून उन्हात टाकता येते, आणि पिंजायचा खर्चही थोडा. आमच्या मायने फोमवर एक रात्र काढून सांगून टाकलं होतं, “माले नही जोयजे ती गादी.” तिला उकाड्यापेक्षा उंचीचा त्रास होता: पलंगावर बसलं की पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि मऊ कडेवरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार यायचा. घरात वयस्कर माणूस असेल तर पलंग अधिक गादी अशी एकूण उंची गुडघ्याइतकीच ठेवा.

लेटेक्सचंही दोन शब्दांत सांगतो. रबराच्या चिकाची ही गादी बहिणीकडे नाशिकला वापरली आहे. तिला स्प्रिंगसारखी उसळी आहे, त्यामुळे वळायला त्रास नाही, आणि फोमइतकी ती तापत नाही. पैशांची अडचण नसेल तर जरूर बघा. आमच्या बजेटमध्ये ती बसली नाही.

पाठदुखीवाल्यांना फळीवर झोपायचा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास मिळतो. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेला आणि २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलेला अभ्यास वेगळं सांगतो. जुन्या कंबरदुखीला अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. काथ्यावर कापूस टाकल्यावर बऱ्यापैकी तोच मध्यम कडकपणा मिळतो असा माझा अंदाज आहे. दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

गादी बदलली की अंगाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातातच. मऊवरून घट्ट गादीवर आलात तर सुरुवातीला सकाळी अंग आखडतं, तेवढ्यावरून गादी वाईट ठरवू नका. उशीही बदलावी लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. घट्ट गादीत खांदा आत जात नाही, म्हणून कुशीवर झोपणाऱ्याला उशी थोडी उंच लागते. जुनीच ठेवली तर मान धरते आणि दोष गादीला जातो. आमच्याकडे सावरीच्या कापसाच्या उशा आहेत, त्या कमी-जास्त भरून घेता येतात. काथ्याची गादी पहिले काही दिवस खिडकीपाशी उभी ठेवा, रबराचा वास निघून जातो. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा.

खोलीला एसी असेल आणि वीज सहसा जात नसेल तर फोमविरुद्धचं माझं निम्मं म्हणणं गळून पडतं, हेही मान्य आहे. आमच्या वरच्या खोलीत फोमची गादी आहे आणि पुण्याहून आलेली मुलं त्यावर निवांत झोपतात. काहीही घ्या, ऑर्डर द्यायच्या आधी पलंग आतून टेपने मोजा. आपल्याकडचे सुताराने केलेले पलंग कंपनीच्या मापाला क्वचितच बसतात. काथ्या आणि कापूस दोन्ही हव्या त्या मापात करून मिळतात.