मराठी विकिपीडियावर तीन वर्षे: संपादन करणाऱ्या विद्यार्थ्याचे परीक्षण

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘चिकित्सक व सर्जनशील विचारक्षमतेचा विकास’ हे उद्दिष्ट हल्ली हमखास छापलेले असते. तो विकास नेमक्या कोणत्या तासिकेला होतो, हे मात्र वेळापत्रकात शोधून सापडत नाही. इतिहास घेऊन पदवी पूर्ण करताना मला तो थोडाफार जिथे साधला, ती सेवा अभ्यासक्रमाबाहेरची आणि विनामूल्य आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तिचा उपयोग प्रकल्पाची पाने भरण्यापुरताच करतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे हे परीक्षण वाचकाच्या नव्हे, तर संपादकाच्या बाजूने लिहिले आहे. नुसते वाचून या संकेतस्थळाचा विचारशक्तीला फारसा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात करणे अवघड नाही. खाते उघडायला पैसे लागत नाहीत, खरे नाव द्यावे लागत नाही, आणि मराठी कळफलक येत नसेल तर ‘अक्षरांतरण’ निवडून रोमन कळांनीही देवनागरी उमटवता येते. सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान असते, तिथे केलेल्या चुका कोणाच्या लेखाला बाधत नाहीत. मोबाइलवर संपादन करणे मात्र कंटाळवाणे आहे. संदर्भ जोडताना संगणक हवाच.

माझे पहिले संपादन सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाच्या लेखात होते. ‘गावातील महादेवाचे हेमाडपंती मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे वाक्य मी मोठ्या अभिमानाने लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण लागलेली पाहून मला खरोखर राग आला. जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्याला पुरावा कसला मागता, अशी माझी भावना होती. राग ओसरल्यावर वाक्य पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की पुराव्याचा प्रश्न नंतरचा, माझे वाक्य स्वतःशीच भांडत होते. कारण हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री, आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे मंदिर पांडवांच्या गळ्यात बांधताना मला काहीही खटकले नव्हते. पुढे ग्रंथालयात बसल्यावर कळले की ‘हेमाडपंती’ हा शब्दही बेतानेच वापरावा लागतो, कारण चुन्याशिवाय दगड बसवून उभारलेल्या कोणत्याही जुन्या मंदिराला आपण ते नाव देऊन मोकळे होतो आणि त्यांतली कित्येक मंदिरे हेमाद्रीच्या आधीची आहेत. १८८५ चे साताऱ्याचे गॅझेटियर उघडले, त्यात आमच्या मंदिराबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. मग आणखी एक प्रश्न समोर आला: इंग्रज सरकारने कारभाराच्या सोयीसाठी लिहवून घेतलेल्या ग्रंथावर कोणत्या बाबतीत विसंबावे आणि कोणत्या बाबतीत नाही? शेवटी मी ‘अशी आख्यायिका सांगितली जाते’ असे लिहून सुटका करून घेऊ पाहिली. त्यावर एका ज्येष्ठ संपादकांनी माझ्या चर्चापानावर शांतपणे विचारले, ‘कोण सांगते आणि ते कुठे नोंदवले आहे?’ तीन वर्षांत कोणत्याही प्राध्यापकाने मला इतका कामाचा प्रश्न विचारला नाही.

विकिपीडियाच्या आशयाचा कारभार तीन मूळ धोरणांवर चालतो: तटस्थ दृष्टिकोन, पडताळणी करता येणारी माहिती आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन न घालणे. यांपैकी तटस्थतेचा अर्थ समजायला मला सर्वाधिक वेळ लागला. दोन्ही बाजू सारख्या मापाने मांडल्या की आपण निःपक्षपाती ठरलो, असा आमच्या वक्तृत्वस्पर्धांनी करून दिलेला समज होता. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा परिच्छेद आम्ही दोघा मित्रांनी धूळपाटीवर सरावासाठी लिहिला, तेव्हा ‘काहींच्या मते १६२७, तर काहींच्या मते १६३०’ असे लिहून हात झटकले होते. पण शके १५४९ ची, म्हणजे १६२७ ची, तिथी उत्तरकालीन बखरींतून आलेली, तर शके १५५१ च्या, म्हणजे १६३० च्या, फाल्गुन वद्य तृतीयेला लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीचा, म्हणजे जेधे घराण्याकडील सालवार नोंदींचा, आधार आणि समकालीन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचा दुजोरा. साधन घटनेपासून किती दूरचे, लिहिणाऱ्याला ती माहिती कुठून मिळाली असेल, दुसरे स्वतंत्र साधन तेच सांगते का, हे प्रश्न विचारल्यावर दोन मतांना सारखे वजन देणे हा न्याय नसून आळस आहे, हे आम्हाला मान्य करावे लागले. वाद होता हे लेखात आले पाहिजे, पण पारडे कुठे झुकते तेही आले पाहिजे.

या सेवेचा एक धोकाही विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ओळखावा. २००८ साली इंग्रजी विकिपीडियावर एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला गमतीने ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे टोपणनाव चिकटवले. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले, वृत्तपत्रांनी उचलले, आणि पुढे तीच छापील बातमी त्या नावाचा पुरावा म्हणून लेखात दाखवली गेली. म्हणजे संदर्भ आहे एवढ्यावर समाधान मानणेही पुरेसे नाही. संदर्भाने ती माहिती कुठून घेतली, हे पाहावे लागते. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानावर कोणते वाक्य केव्हा आले हे दिसते, त्यामुळे बातमी आधीची की वाक्य आधीचे, याचा छडा थोड्या चिकाटीने लावता येतो. विचारताक्षणी सफाईदार उत्तर देणाऱ्या, पण उत्तराची जन्मकथा न सांगणाऱ्या संगणकीय सहायकांच्या काळात ही सोय मला विशेष मोलाची वाटते.

सर्जनशीलतेच्या बाबतीत मात्र माझे मत इतके एकतर्फी नाही. नवा निष्कर्ष काढायला इथे धोरणानेच बंदी आहे. आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या, मी स्वतः मोजलेल्या गावच्या वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), त्यांवरून मला सुचलेला तर्क, यांतले काहीही आधी अन्यत्र प्रकाशित झाल्याशिवाय लेखात येऊ शकत नाही. ज्ञानकोशाच्या दृष्टीने हे योग्य असले, तरी विद्यार्थ्याने एवढ्यावरच थांबल्यास तो उत्तम तपासनीस होईल आणि कल्पना करायला विसरेल. मी त्यासाठी वेगळी वही ठेवली आणि माझ्या बऱ्यावाईट कल्पना तिच्यात गेल्या.

तरीही एका ठिकाणी इथल्या लोकांनी कल्पकतेचा जो नमुना दाखवला आहे, तो भाषेच्या कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. इंग्रजीतील ‘सँडबॉक्स’चे ‘वाळूची पेटी’ न करता, पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मुले जिच्यावर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, ती धूळपाटी त्यांनी उचलली. सर्वांनी जमून बोलायच्या पानाला ‘चावडी’ म्हटले, आणि ठरवून दिलेली कामे निमूटपणे करणाऱ्या ‘बॉट’ला ‘सांगकाम्या’. शब्दाला शब्द न जोडता त्या वस्तूचे काम काय, आणि ते काम आपल्याकडे आधी कोण करीत होते, असा विचार केल्याशिवाय हे शब्द सुचत नाहीत. लेखांचे भाषांतर करताना मी हीच रीत वापरून पाहिली. दहापैकी आठ वेळा फसलो, पण यंत्राने दिलेले भाषांतर जसेच्या तसे चिकटवण्याची सवय सुटली.

उणिवांपैकी मोठी उणीव माणसांची आहे. इंग्रजी आवृत्तीच्या तुलनेत सक्रिय संपादक फारच थोडे असल्यामुळे पुष्कळ लेखांची चर्चापाने कोरीच असतात आणि आपले लेखन कोणी वाचले की नाही, हे कळायला मार्ग नसतो. मला सुरुवातीलाच प्रश्न विचारणारे कोणी भेटले, हा नशिबाचा भाग होता; ज्याला तसे कोणी भेटणार नाही, त्याने दोन-तीन मित्रांसह उतरावे आणि एकमेकांच्या वाक्यांपुढे खुणा लावाव्यात. तज्ज्ञाने लिहिलेली, लेखकाचे नाव खाली असलेली नोंद हवी असेल, तर मराठी विश्वकोशच उघडावा. जबाबदार लेखन कसे दिसते ते तिथे कळते आणि ते करताना कुठे अडखळायला होते ते विकिपीडियावर.

वर्षातून एखादी कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रे वाटण्यापुरता महाविद्यालयांनी याचा वापर करू नये, कारण एका दुपारी फक्त खाते उघडून होते. एक लेख, तोही आपल्या गावाचा किंवा पेठेचा, सत्रभर सांभाळायला दिला तर उपयोग होईल. आमच्या गावाच्या लेखातले पांडव आता गेले आहेत आणि मंदिराचे वाक्य दोन ओळींचे, साधे झाले आहे. त्याच्या खाली वीरगळींविषयी कोणीतरी भर घातलेल्या एका वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अजून आहे. ती खूण मी लावली आहे.