केकचे जेल रंग आणि कागदाचं मार्बलिंग किट: दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर दोन गोष्टी ऑनलाइन मागवल्या होत्या. केकसाठी जेल रंगांचा संच आणि कागदावर मार्बलिंग करायचं किट, म्हणजे दाट पाण्यावर रंग तरंगवायचे, नक्षी काढायची आणि ती कागद टेकवून उचलायची. "एवढे पैसे काहून घालून राहिली?" असं आईने तेव्हाच विचारलं होतं. दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर माझा हिशेब असा: रंगांना पाचपैकी साडेचार, किटला तीन, आणि तेही त्यातल्या पावडरीमुळे.

आधी केक. जेल रंग घ्यायचे ते एवढ्यासाठी, की टूथपिकच्या टोकाएवढा घातला तरी पुरतो आणि मिश्रण पातळ होत नाही. मार्बल केकचा सगळा खेळ दाटपणाचा आहे. एक मिश्रण सैल आणि दुसरं घट्ट असलं, की जड असेल ते तळाशी जातं. वरून नक्षी झकास, सुरी घातली की आत नुसते दोन थर. कोकोच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण कोको ओलावा ओढून घेतो. त्यामुळे अर्ध्या मिश्रणात दोन चमचे कोको घातला, तर जवळपास तेवढंच दूधही घालायचं. मग दोन्हींत चमचा बुडवून उचलून बघायचा. धार सारख्याच वेगाने पडली की जमलं. काडी दोन-तीनदाच फिरवा. हौसेने घोटत बसलात तर सगळा मातकट रंग.

झेब्रा केक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, त्याहून सोपा. टिनच्या मधोमध चमचाभर पांढरं, बरोबर त्याच्या डोक्यावर चमचाभर काळं, परत पांढरं. खालचं आपोआप कडेला सरकत जातं आणि वलयं तयार होतात, काडीची गरजच नाही. मृग बहाराची संत्री होती तोवर पांढऱ्या भागात मी साल किसून घालत होते. वरची नारिंगी तेवढीच किसायची, आतली पांढरी कडू लागते. कोकोच्या शेजारी तो वास असा काही येतो, की बिनरंगी केकच घरात जास्त संपला.

अर्धा गुण कापला तो निळ्यासाठी. लोणी आणि अंड्याच्या पिवळेपणात तो हिरवट दिसतो, पण डब्यावरच्या फोटोत मात्र आकाशी. शिवाय हे रंग पाण्यातले आहेत. वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये घातले तर ते दाटून गोळे होतात; तिथे तेलातले रंग लागतात. डब्यावर तसं एका ओळीत छापायला काय जात होतं? एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, नंबर आहे, ते बरं.

आता किट. ट्रे, कॅराजीननची पावडर, अॅक्रिलिक रंगांच्या बाटल्या, ड्रॉपर आणि एक प्लास्टिकचा कंगवा. कंगव्याचे दात वाकतात; जाड पुठ्ठ्यात टाचण्या खोचून केलेला घरचा बरा. पावडर मात्र उत्तम. ही लाल समुद्रशेवाळापासून बनते आणि पाणी दाट करते. लिटरभर पाण्याला 6 ते 8 ग्रॅम घालून मिक्सरमधून फिरवायची आणि बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर ठेवायची. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात रंगाच्या थेंबांच्या कडा फाटतात. फिल्टरच्या पाण्यात थेंब गोल पसरतो. बुडाला तर रंग जड, थोडं पाणी घाला. पार पसरून फिका पडला तर पाणी जास्त झालं. म्हणजे इथेही दाटपणाच.

माहितीपत्रकात तुरटीचं नावही नाही, हा माझा मोठा राग. दोन कप गरम पाण्यात साधारण दोन टेबलस्पून तुरटीची पूड विरघळवून थंड करायची, कागदाला पुसून वाळवायची, आणि कुठली बाजू ते पेन्सिलने लिहायचं. तुरटीविना धुताना रंग ओघळून जातात. तुरटी लावलेला कागद चार-आठ दिवसांत वापरा, नंतर तो ठिसूळ होत जातो.

आणि नागपूरचा उन्हाळा! कूलर सुरू असला की ट्रेवर वारा येतो, नक्षी एका बाजूला सरकते, वरून धूळही बसते. बंद केला तर बसवत नाही. शिवाय उकाड्यात द्रावण सैल पडतं आणि लवकर नासतं. त्यामुळे मी पहाटे काम उरकते आणि द्रावण फ्रिजमध्ये ठेवते. प्रत्येक कागदाआधी वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढायची, साय काढतो तशी.

मार्बलिंग म्हणजे परदेशी फॅड असं म्हणणाऱ्यांसाठी: सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत मार्बल केलेल्या कागदांतून अख्खी चित्रं बनत होती. तुर्कस्तानची एब्रू, म्हणजे तिथली मार्बलिंगची कला, 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आमची मजल अजून लग्नाच्या आहेराच्या पाकिटांपर्यंतच, पण ती पाकिटं लोक जपून ठेवतात.

एक सक्तीची सूचना: कागदाचा ट्रे, काड्या, मिक्सरचं भांडं स्वयंपाकघरात परत आणू नका. अॅक्रिलिक रंग खायचे नाहीत. मी इतवारीतून एक जुनाट भांडं त्यासाठी वेगळंच घेतलं.

रंगांचा संच पुन्हा घेईन. किट घेणार नाही. पावडर सुटी मिळते, तुरटी किराण्यात, आणि ट्रे म्हणून कुठलंही पसरट प्लास्टिकचं भांडं चालतं.