गवताळ परिसंस्था संच : आठ महिने आणि एक तुटका एल्बो

पोरांना गवताळ माळ शिकवायचा हा संच : चौकट, भिंग, कीटक-डबी, पत्ते, मुळांचा तक्ता. पेटीत काय काय येतं ते तिच्यावर छापलेलंच आहे, तुम्ही ते वाचलंही असेल. मी परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय त्या पांढऱ्या चौकटीबद्दल, आणि त्यातही तिच्या एका कोपऱ्याबद्दल.

मी बारामती तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पाचवी ते सातवी. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. १९९७ साली चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पण त्याच्या हद्दीबाहेरही सगळा माळच आहे, आणि शाळेच्या मागे गायरान. म्हणजे परिसंस्था दारात, आणि ती शिकवायला पेटी मागवली १,८५० रुपयांची. अनुदानात बसत नव्हती, स्वतःच्या खिशातून घेतली. घरी १,२०० सांगितलेत.

जूनच्या शेवटी पेटी आली. जुलैत माळ हिरवा झाला तसे आम्ही बाहेर पडलो. चौकटीचं काम साधं : एक मीटर बाय एक मीटर, गवतावर ठेवायची, आत किती जातीची गवतं आहेत ते मोजायचं, उघडी माती किती, शेण किती, किडे कोणते, ते वहीत उतरवायचं. मग दुसरीकडे ठेवायची आणि ताडून पाहायचं. पुस्तकातला ‘गवताळ प्रदेश’ हा धडा म्हणजे पोरांसाठी दोन मार्कांची व्याख्या असते. त्याच पोरांना चौकटीभोवती उकिडवं बसवलं की अर्धा तास कुणी उठत नाही.

तिसऱ्याच वेळी कोपरा तुटला. चौकटीच्या बाजू जोडणाऱ्या चार एल्बोंपैकी एक. कुणी पाय दिला नाही, कुणी आपटला नाही. पवना गवताच्या दाट ठोंबावर चौकट बसत नव्हती म्हणून एका पोरीने हलकेच दाबली, आणि खटकन आवाज आला. प्लास्टिक खेळण्यातलं असतं तसं, पातळ आणि ठिसूळ. उन्हात दोन दिवस राहिलं की पिवळं पडतं. ज्या वस्तूचा जन्मच माळावर वापरण्यासाठी झाला, तिला ऊन सोसत नाही!

कंपनीला फोन लावला. पहिल्यांदा पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पेटी उघडताना व्हिडिओ कोण काढतं? दुसऱ्यांदा विचारलं, ‘मॅडम, चौकटीवर वजन दिलं होतं का?’ तिसऱ्यांदा एका मुलाने वॉरंटीची ओळ वाचून दाखवली : घराबाहेरील वापरामुळे झालेले नुकसान ग्राह्य धरले जाणार नाही. मी दोनदा वाचून घेतली. गवताळ प्रदेशाचा संच, आणि वापरायचा घरात. गालिच्यावर ठेवून मोजायचं का गवत? त्यालाही हसू आलं असावं, कारण थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, तक्रार नोंदवून घेतो. पंधरा दिवसांनी कुरिअर आलं. आत कीटक-डबीचं झाकण. डबीचं झाकण तर माझ्याकडे होतंच.

अन्नजाळ्याच्या, म्हणजे कोण कुणाला खातं त्याच्या, पत्त्यांच्या खेळाचंही सांगून टाकते. पेटीवर ‘आपला माळ’ लिहिलंय आणि बावन्न पत्त्यांत नऊ आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचे : सिंह, झेब्रे, विल्डबीस्ट. लांडग्याच्या पत्त्यावर बर्फात उभा असलेला झुपकेदार लांडगा. माझ्या वर्गातला एक मेंढपाळाचा मुलगा, एरवी प्रश्न विचारला की छताकडे बघणारा, पत्ता हातात घेऊन म्हणाला, ‘मॅडम, ह्यो आमच्याकडचा न्हाय. आपला एवढा केसाळ नसतो, कुत्र्यागत सडपातळ असतो.’ अगदी बरोबर बोलला. मग विचारलं, यात अजून काय चुकलंय? तर म्हणाला, मेंढरं कुठायत? खरंच, अख्ख्या अन्नजाळ्यात ना मेंढी, ना धनगर, ना शेणकिडा. लांडगा आहे, पण तो खाणार काय? झेब्रा? माळढोक मात्र आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आमच्या शाळेत तो पाहिलेला माणूस म्हणजे एका पोराचे आजोबा, तेवढेच. आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून पाठकोऱ्या बाजूला अकरा नवे पत्ते केले. मेंढी, शेणकिडा, नाकतोडा, माळटिटवी, खोकड, धामण आणि असेच बाकीचे. खर्च शून्य. सेरेंगेटीचे नऊ पत्ते आता खुणेसाठी वहीत असतात.

इथपर्यंत मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दीड तारा द्यायचा ठरवलं होतं. आता फेब्रुवारी. दोन गोष्टी बदलल्यात.

पहिली, भिंग. त्याच्याकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. म्हटलं, जत्रेतलं असेल. ऑक्टोबरात कुसळी गवत पिकलं आणि पोरांच्या मोज्यांत, शर्टात, दप्तरात कुसळंच कुसळं. वैतागून म्हटलं, आणा ते भिंग, बघूया तरी. बी टोकदार, टोकावर उलट्या दिशेचे केस, म्हणजे एकदा घुसलं की मागे येत नाही. मागे लांब शेपटी, दोरीसारखी पीळ घातलेली. बाटलीच्या झाकणातून पाण्याचा एक थेंब त्या शेपटीवर टाकला आणि कुसळ फिरायला लागलं. आपोआप, फळ्यावर ठेवलेलं. पीळ उलगडत गेला. वाळलं तसं परत उलटं फिरलं. रात्री दवाने भिजायचं, दिवसा उन्हात वाळायचं आणि असं फिरत फिरत मातीत स्क्रूसारखं शिरायचं. गेली वीस वर्षं मी मोज्यातून कुसळं उपटतेय आणि मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी गणिताचा तास बुडाला. मेंढपाळाच्या त्याच पोराने मग सांगितलं की कुसळी कोवळी असतानाच मेंढरं चारून घ्यायची, कुसळ धरलं की ते लोकरीत आणि तोंडात घुसतं. हे कोणत्याच पत्त्यावर नाही. भिंगाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

दुसरी गोष्ट कबूल करायला जरा जड जातंय. तुटका कोपरा.

सप्टेंबरपासून आम्ही चौकट तशीच वापरत होतो, एका कोपऱ्याला सुतळी. गवत कमरेएवढं वाढल्यावर लक्षात आलं की अखंड चौकट वरून ठेवली की पवना आणि कुसळी खाली दाबली जातात, मग मोजणार काय? तुटकी चौकट मात्र कोपऱ्यात उघडायची, बाजूने गवताच्या बुडाशी सरकवायची आणि मग मिटायची. एकही काडी मोडत नाही. म्हणजे जो कोपरा तुटला म्हणून मी तीन महिने भांडले, तो मुळात उघडाच असायला हवा होता. हे कंपनीला सुचायला हवं होतं, पण मलाही सुचलं ते तुटल्यावरच. कुसळ आणि मुसळ दोन्ही दिसली म्हणायची.

मग हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि दोन चौकटींचे आठ एल्बो आणले. दुकानदाराने पाइप कापूनही दिला. प्रत्येकीच्या तीन कोपऱ्यांना सोल्युशन लावलं, चौथा नुसता खोचला. खिळा तापवून दर दहा सेंटिमीटरला भोकं पाडली, सुतळी ओवली, झाले एकेका चौकटीत शंभर चौकोन. आता ‘उघडी माती किती?’ याला पोरं ‘लई’ म्हणत नाहीत, मोजून ‘बत्तीस चौकोन’ म्हणतात. दोनशे रुपयांच्या आत दोन चौकटी झाल्या. घरी हाच आकडा खरा सांगितला.

त्या दोन चौकटींनी आम्ही तीन जागा मोजल्या : शाळेच्या कंपाउंडच्या आतला न चरलेला तुकडा, मेंढरं येऊन-जाऊन असतात ते गायरान, आणि हौदाजवळची कायम तुडवली जाणारी जागा. हौदापाशी टाकळा आणि गाजरगवत, म्हणजे जनावरं तोंड लावत नाहीत तेवढंच. हे अपेक्षितच होतं. पण मला वाटत होतं की सगळ्यात जास्त जाती कंपाउंडच्या आत मिळतील, कारण तिथे कुणी खात नाही. तिथे उंच पवना आणि कुसळीने बाकी सगळ्यांना झाकून टाकलेलं. जास्त जाती निघाल्या चरलेल्या गायरानात, मारवेल, हरळी, बारीक फुलांच्या वेली. एका पोरीने विचारलं, मग खाल्लं तरी गवत मरत कसं नाही? कुंडीत हरळी आणि मूग लावून दोन्ही बुडाशी कात्रीने छाटले. हरळी आठवड्यात परत उभी, कारण तिचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. मूग गेला.

आता पत्ता क्रमांक बारा. त्यावर लिहिलंय : ‘उजाड माळ हिरवा करूया, झाडे लावूया.’ सुरुवातीला मला त्यात काही खटकलं नव्हतं. तीन पावसाळे मीच पोरांकडून गायरानात गिरिपुष्पाचे खड्डे खणून घेतलेत, फोटो काढलेत. सातबाऱ्यावर माळाला पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणतात, मग आपणही तो खराबच धरतो. डिसेंबरात भोवत्या हा शिकारी पक्षी आला, मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतो तो, गवतावरून अगदी खालून तिरपा तिरपा उडत नाकतोडे शोधत. उघड्या तुकड्यावर रोज दिसायचा. आमच्या गिरिपुष्पावर एकदाही नाही. पोरांनी तो पत्ता फाडायचा का विचारलं. मी म्हटलं ठेवा, मागे लिहा काय चुकलं ते. यंदा खड्डे नाहीत, हेडसरांशी बोलणं अजून व्हायचंय.

तर साडेतीन तारे. त्यातले दोन भिंगाचे. मुळांचा तक्ता चांगला आहे, गवताचा किती पसारा जमिनीखाली असतो ते पोरांना तिथेच पटलं, त्याचा एक. उरलेला अर्धा फोनवर हसलेल्या त्या मुलाचा. चौकटीला शून्य. भिंग आणि तक्ता सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, बाकीचं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा कुरिअर आलं, तक्रार क्रमांकासह. वाटलं, एल्बो आला. परत झाकणच निघालं. माझ्याकडे आता कीटक-डबीची दोन जादा झाकणं आहेत. कुणाचं हरवलं असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मात्र तुमचा.