ओट्याचा दगड घ्यायला जाताना लिंबू न्या

घोडबंदर रोडवरच्या एका मार्बल-ग्रॅनाइटवाल्याकडून ओट्याचा दगड घेतला. पाचपैकी साडेतीन तारे. कारागिरांना पूर्ण पाच, मालकाच्या माहितीला दोन.

सुनेला पांढराशुभ्र मार्बल हवा होता. मालक म्हणाला, "काकू, बिनधास्त घ्या, ग्रॅनाइटपेक्षा मजबूत." मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. त्याच्याकडून एक फुटका तुकडा मागितला आणि पर्समधलं लिंबू पिळलं. पाच-सात मिनिटांनी पुसलं, तर तेवढ्या भागाची चकाकी गेलेली. मार्बल म्हणजे जमिनीत खोलवर उष्णतेनं आणि दाबानं भाजून निघालेली चुनखडी. रूप पालटलं तरी जात चुन्याचीच, आंबट लागलं की झिजणार. आमच्याकडे रोज कोकम नाहीतर चिंच! जुना ओटा कडाप्प्याचा होता, तीही समुद्रतळाच्या गाळाची चुनखडीच, फक्त न भाजलेली. सिंकजवळ ती पांढुरकी पडली होती, ते उगाच नाही.

मग काळ्या दगडाकडे वळलो. सगळे त्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात. खरा ग्रॅनाइट जमिनीखाली इतका सावकाश थंड होतो, की गुलाबी-पांढरे फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चमचमतं अभ्रक असे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. या काळ्यात तसं काही नव्हतं; बहुतेक डोलेराइट. म्हणजे आपल्या ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरातल्या कातळाचा चुलतभाऊ. तसाच वितळलेल्या खडकाचा रस, पण येऊरचा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वर आला आणि पटकन थिजला, हा खालच्या भेगांतच गोठला. मालकाला हे सांगितलं. तो म्हणाला, "काकू, बिलावर ग्रॅनाइटच लिहितो हां."

घेतला तोच. लिंबाला दाद देत नाही.

लाटांसारखे पट्टे असलेला एक करडा दगडही होता. तो नाइस, म्हणजे पुन्हा तापून, दाबून कणांच्या रांगा लागलेला. तिथून माझा पाय निघत नव्हता, पण भाव ऐकून निघाला.

गुरुवारचा वायदा होता, माल आला सोमवारी, आणि फोन मीच करायचे. बसवणाऱ्या दोघांनी मात्र कडांचं मोल्डिंग असं केलंय, की बोट फिरवलं तर कुठे अडत नाही.

सिंकसाठी कापलेला तुकडा मागून घ्या, त्याचेही पैसे आपणच भरलेले असतात. मी त्याचा पोळपाट करून घेतला.